चौथा थर

शांतम्माचा नवऱ्यावर नसेल एवढा भरवसा तिच्या माळवदावर होता. हे कुणी पदरचं लावून सांगत नाही, ती स्वतःच चारचौघांत म्हणायची, "नवरा काय, आज दुकानात हाय, उद्या उदगीरला हाय. माळवद कुटं जातंय?" चन्नबसप्पा हे ऐकून घ्यायचा आणि हसून गिऱ्हाइकाला मीठ मोजून द्यायचा. जळकोटच्या वाटेवरच्या त्या गावात त्याचं छोटंसं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, अंगात बंडी आणि तोंडात शब्द कमी. घरात जे काही बोलायचं ते शांतम्माच बोलायची, आणि दोघांच्या वाटचं बोलायची.

माळवद ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगायचं, तर जाडजूड सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर माती. झालं छत. उन्हाळ्यात त्याखाली असा गारवा, की बाहेरचं माणूस आत आलं की हलायचं नाव घेत नाही. पावसाळ्यात वरची चार बोटं माती वाहून जाते. म्हणून दर साली मृगाच्या आधी गावाच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून, खारवट माती आणायची, माळवदावर पसरायची, पाणी शिंपडून बडवायची. जेवढी गेली तेवढी घातली, की वर्षभर डोक्याला ताप नाही.

पण गेली तीन सालं पाऊसच नव्हता. लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या साली गावात पेढे वाटले होते. आता उस्मानाबादची पायपीट संपली, साहेब जवळ आला, म्हणून माणसं नाचली होती. जिल्हा जवळ आला आणि पाऊस लांब गेला. पहिल्या साली पेरलेलं उगवून जळालं. दुसऱ्या साली विहिरींनी तळ दाखवला. तिसऱ्या साली टँकर सुरू झाला, आणि टँकरपाशी बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. ज्या बायका एका ताटात जेवल्या होत्या त्यांनी!

आणि या तिन्ही सालांत शांतम्मानं मृगाच्या आधी न चुकता माळवदावर माती टाकली. वरून चिमूटभर वाहून गेली नव्हती, तरी टाकली. चन्नबसप्पा एकदा भीत भीत म्हणाला, "अगं, गेलीच न्हाई, तर आनखी घालून काय राहिलीस?"

"न्हाई घातली तर पावसाला येऊ नको म्हणल्यागत हुतंय," ती म्हणाली. "उद्या तो आला आन आपलं घरच तयार नसलं तर?"

आता याच्यावर माणसानं काय बोलावं? आणि ती एकटीच नव्हती. गावातल्या निम्म्या माळवदांवर हेच चाललं होतं. एकीनं घमेलं उचललं की दुसरी उचलायची. माती टाकणं बंद करणं म्हणजे पावसाचा नाद सोडणं, आणि तो सोडायची कुणाची छाती होत नव्हती. असे तीन सालांचे तीन थर तिच्या घरावर बसले, आणि वाहून काहीच गेलं नाही.

त्या दिवाळीत शिवकांता माहेरी होती. ही शांतम्माची एकुलती लेक. तिच्या आधीची दोन आणि नंतरचं एक, अशी तीन लेकरं शांतम्मानं शेताच्या बांधाला पुरली होती. ही एकच तगली, म्हणून हिच्यावर जीव होता आणि हिच्या पायी जीव टांगणीलाही होता. जळकोटला दिलेली, पहिलं बाळंतपण, नववा भरत आलेला. तोंडावर तेज यावं असे दिवस, पण पोरीच्या गालाची हाडं वर आली होती. दुष्काळात पोटुशी बाई जशी दिसते तशी ती दिसत होती. शांतम्मा तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, बसवण्णा, माझं काय न्यायचं ते ने, हिला हात लावू नको.

दिवाळी होऊन चार दिवस झाले, आणि दुपारी गावात भोंगा लावलेली जीप आली. बंगालच्या उपसागरात मोठं वादळ उठलंय, आंध्राचा किनारा ओलांडून ते आपल्या बाजूला सरकून राहिलंय, परवा सकाळपासून जोराचा वारा आणि पाऊस होईल. पत्रे तारेनं बांधा, पत्र्यावर दगड ठेवा, जनावरं झाडाखाली बांधू नका. एवढं तीन वेळा सांगून जीप धुरळा उडवत पुढच्या गावाला गेली.

आधी माणसं हसली. समुद्र कुठं, आपण कुठं! कुणी म्हणालं, नव्या जिल्ह्याला आता समुद्र पण दिला वाटतं सरकारनं. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "वादळ का हुईना, पाणी तर येतंय." आणि पारावरचं हसणं तिथंच विरलं. तीन सालं ज्याची वाट पाहिली, ते आता असं दात विचकत येणार होतं, आणि तरीही ते यावं असंच प्रत्येकाला वाटत होतं.

शांतम्माच्या कानात मात्र एकच शब्द शिरला होता, वारा. पोरीचे दिवस भरलेले, आणि वरून वारा!

चन्नबसप्पानं सुचवून पाहिलं, "संध्याकाळच्या यष्टीनं उदगीरच्या दवाखान्यात न्यावं का हिला?"

"त्या खड्ड्यांतनं? नऊ महिन्यांच्या पोरीला? आन वाटंत यष्टी बंद पडली, वादळ गाठलं, मंग? रानात बाळंत करता का तिला?" शांतम्मा कडाडली. "काय न्हाई जायचं कुटं. आपलं घर लोखंडाहून घट हाय. मधल्या खोलीत खाट टाकते. चारी बाजूंनी दोन दोन हाताच्या भिती. तिथं वारं शिरून तर दाखवावं."

चन्नबसप्पा खाट उचलायला उठला. आयुष्यभर तिचं ऐकतच आला होता तो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून शांतम्माचं घर लग्नघरासारखं हललं. तिनं चार दिवसांचं पीठ दळून घेतलं. ज्वारीच्या भाकरी थापून कडक भाजून दुरडीत रचल्या. टँकरचं पाणी रांजणात, घागरीत, कळशीत, तांब्यात, जिथं म्हणून मावेल तिथं भरलं. दुकानातलं मीठ आणि गूळ चन्नबसप्पानं फळीवर चढवला. जुनी लुगडी फाडून, धुऊन, बाळंतपणासाठी घड्या घातल्या. शेगडी, गोवऱ्या, कंदील, रॉकेल, सगळं मधल्या खोलीत.

शिवकांता उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. भाकरींचा ढीग बघून म्हणाली, "अव्वा, वादळ जेवायला येणार हाय का आपल्याकडं?"

"येऊ दे. पोटभर जेवून वाटंला लागंल," शांतम्मा म्हणाली, आणि दोघी बऱ्याच दिवसांनी खळखळून हसल्या. हसता हसता शिवकांताचा चेहरा एकदम उतरला.

"अव्वा, मला भ्याव वाटून राहिलंय. मी वाचन ना गं?"

"गप! वंगाळ बोलू नको. मी हाय ना हितं?" शांतम्मानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि लगेच लुगड्याची पुढची घडी घालायला घेतली.

मग ती माळवदाच्या तयारीला लागली. पत्र्यावर दगड ठेवा, असं जीप म्हणाली होती. आपल्याला पत्रा नाही. पण वारा येणार तर घर जड पाहिजे, हे सांगायला जीप कशाला लागते? आणि पाऊस येणार तर माती पाहिजे, हे तर तिच्या आईनं, आईच्या आईनं शिकवलेलं. तिनं सटवाजी नावाच्या गड्याला बोलावलं. तो पांढरीवरून बैलगाडीनं माती आणायचा, चन्नबसप्पा शिडीवरून घमेली वर द्यायचा आणि शांतम्मा माळवदावर पदर खोचून माती पसरायची. सालाला चार बोटांचा थर असतो. या वेळी तिनं वीतभर घातला. वादळ काय रोज रोज येतं?

शेजारी खाजामियाँ आपल्या पत्र्यावर दगड रचत होता. हा गावचा सुतार. त्याच्या घराच्या तुळया वाळवीनं खाल्ल्या, म्हणून त्यानं दोन सालांमागं माळवद उतरवून पत्रे टाकले होते. सुताराच्या घरालाच वाळवी लागली, म्हणून गावानं त्याची महिनाभर टर उडवली होती. त्याची बायको रहमतबी सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, शिवकांतासुद्धा. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत एकच, आणि तिला एक खिडकी ठेवलेली. त्या खिडकीतून कालवण, विस्तव आणि भांडणं इकडून तिकडे जायची.

खाजामियाँ बराच वेळ बघत राहिला. मग हातातली पहार घेऊनच तो शांतम्माच्या शिडीवरून वर आला. त्यानं पहार मातीत खुपसली, बाहेर काढली, नवी माती कुठवर आणि जुनी कुठवर ते बोटानं मोजलं, आणि खाली उतरून तो तिच्या घरात गेला. मधल्या खोलीतल्या तुळईवर त्यानं हाताच्या पेरांनी टकटक केलं. भिंतीच्या कडेनं वर गेलेली वाळवीची बारीक मातकट रेघ त्याला दिसली. ती त्यानं नखानं फोडली. आत पांढरे किडे वळवळत होते.

"शांतक्का," तो बाहेर येऊन म्हणाला, "नवी माती टाकू नका. टाकली ती पण काढा. लई वजन झालं. तीन सालं वाहूनच न्हाई गेली ना. निदान दोन थर खरडून खाली टाका. मी येतो हाताखाली, सांजपर्यंत हून जाईल."

शांतम्माला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "खाजाभाई, वादळ उंबऱ्यावर आलंय आन तुमी मला घरावरलं पांघरूण काढा म्हणता?"

"वारा माळवदाला काई करत न्हाई, अक्का. पाणी करतंय. कोरडी माती आन भिजलेली माती, वजनात फरक हाय का न्हाई? आन लाकूड आतून पोकळ झालंय. मी सुतार हाय, मला आवाज कळतो."

"आवाज कळतो म्हणं! सवताच्या घराचा कळला नव्हता तवा?"

हे लागलं. खाजामियाँनं मान खाली घातली. चन्नबसप्पा शिडीखालून म्हणाला, "तो म्हणून राहिला तर थोडी खरडू या का गं..."

"तुमी गप बसा! तुमची लेक हाय का त्यांची?" शांतम्मा वरून ओरडली. "माझी एकच हाय. एकच! तिच्या डोस्क्यावरची माती मी काढू? हे हात झडतील माझे."

सटवाजी उगाच बैलाची वेसण नीट करत बसला. शांतम्मालाही वाटलं आपण जरा जास्तच बोललो, पण बोललेलं माघारी घ्यायची तिला सवय नव्हती.

खाजामियाँ तरी भला माणूस. तो घरी गेला आणि बाभळीचे दोन ओंडके खांद्यावर घेऊन परत आला. "माती राहू द्या. टेकू तरी घ्या," म्हणाला. एक टेकू त्यानं सोप्यात, दाराजवळच्या खोलीत उभा केला. दुसरा मधल्या खोलीत घ्यायला गेला तर तुळईच्या बरोबर मधोमध, जिथं टेकू हवा, तिथंच खाट मांडलेली.

"हितं कुटं ठिवता?" शांतम्मा म्हणाली. "बाळंतिणीच्या उशाला ओंडका? रातीबेराती ठेच लागली तर? न्हाई, हितं नको."

"खाट सोप्यात घ्या मंग."

"दाराच्या तोंडाला? वाऱ्यात?"

त्यानं ओंडका भिंतीला लावून ठेवला आणि तो आपल्या पत्र्याकडे निघून गेला. त्या दिवशी सांजेला रहमतबी खिडकीतून म्हणाली, "शांतक्का, आमच्या मालकाचा एवढा यकीन हाय, माळवद बसंल म्हणून, तर पोरीला माझ्याकडं आण की."

"तुझ्या पत्र्याखाली? उडाला तर?"

"उडाला तर भिजंल," रहमतबी म्हणाली. "भिजण्यानं कुणी मरत न्हाई." पण तिलाही फार जोर करवला नाही. पत्र्याची तिलाही भीतीच होती.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत वारा सुटला. असा वारा त्या गावानं पाहिला नव्हता. लिंबाच्या फांद्या मोडून रस्त्यावर आल्या. कडब्याची गंजी उडाली, कुणाचं धोतर, कुणाची टोपली, सगळं आभाळात. आणि मग खणखण आवाज करत खाजामियाँचे तीन पत्रे गेले. दगडासकट गेले. नवराबायको डोक्यावर घोंगडं घेऊन शांतम्माच्या दारात आले तेव्हा चिंब झाले होते.

"या आत," शांतम्मा म्हणाली, आणि तिच्यानं राहवलं नाही. "बगितलं का खाजाभाई? जड घर कामाला आलं का न्हाई?"

खाजामियाँनं आत येता येता एकदा वर बघितलं आणि सोप्यातल्या टेकूपाशी चन्नबसप्पाजवळ बसून घेतलं.

पाऊस धरला तो धरलाच. तीन सालांचा राग काढत असल्यासारखा कोसळत होता. आणि शांतम्माच्या घरात टिपूस नाही! पन्हाळातूनसुद्धा पाणी येईना. वरची वीतभर नवी माती सगळं पिऊन घेत होती. शांतम्मा दर घटकेला मान वर करून बघायची आणि तिची छाती फुगायची. आपण केलं ते बरोबर केलं. लोक बोलतात, बोलू देत.

दिवस कासराभर वर आला असेल तेव्हा शिवकांताला कळा सुरू झाल्या. मधल्या खोलीचं दार लागलं. रहमतबीनं पदर आवळला, तेल मागितलं, आणि दोघी बाया तिच्या दोन बाजूंना बसल्या. पोर ओरडत होती, बाहेर वारा ओरडत होता. शांतम्मानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि "शिवा, शिवा" असा एकच धोशा लावला होता. आपल्या तीन लेकरांची आठवण तिला त्या वेळी आली. ती तिनं मागं ढकलली.

दुपारी मुलगी झाली. बारीक, पण आवाज केवढा! रहमतबी हसली, "आईवर न्हाई गेली, आजीवर गेलीया." शिवकांताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. रक्त थांबलं, वार पडली, सगळं नीट झालं. शांतम्मानं जमिनीला कपाळ टेकलं. मग दार उघडून ओरडली, "अवो, लक्ष्मी आली!" सोप्यातून चन्नबसप्पाचा हुंदका ऐकू आला. तो बाप्या रडत होता.

तेवढ्यात वारा पडला. खरंच पडला. पाऊस तेवढा एका लयीत चालू होता. रस्त्यावरून पोरं ओरडत गेली, "वढा आला! वढ्याला पाणी आलं!" माणसं पावसात उभी राहून हात वर करून हसत होती. सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. शांतम्मालाही वाटलं.

रहमतबी बाळाला घेऊन मागच्या न्हाणीत गेली. शांतम्मा चुलीवरलं गरम पाणी घेऊन तिच्या मागं गेली. शिवकांता एकटी खाटेवर पडली होती, पाच मिनिटंसुद्धा नाहीत.

"अव्वा," तिची हाक आली. "वरनं माती पडून राहिली गं तोंडावर."

"उंदीर आसंल," शांतम्मा न्हाणीतून म्हणाली. "आले, आले. एवढं पाणी वतते आन आले."

तिनं तांब्या ओतला. नातीच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरा तांब्या भरला. आणि घरात मोठं लाकूड मोडल्याचा आवाज झाला. एकच. त्याच्यामागून धप्प असं काहीतरी बसलं, आणि न्हाणीच्या दारातून धुरळ्याचा लोट बाहेर आला.

मधली खोली राहिली नव्हती. आभाळ दिसत होतं आणि त्यातून पाऊस पडत होता. तुळईचे मधोमध मोडून दोन तुकडे झाले होते, आणि खाटेच्या जागी मातीचा ढिगारा होता. सोपा टेकूवर तसाच उभा होता. त्यात बसलेल्या दोघांना ओरखडाही आला नव्हता.

आणि ढिगाऱ्यातून हाक आली, "अव्वा!"

जिवंत होती! तुळईचा एक तुकडा भिंतीला तिरका अडकला होता, त्याच्या खाली थोडी जागा राहिली असणार. शांतम्मा त्या ढिगाऱ्यावर तुटून पडली. खाजामियाँ ओरडला, "वर चढू नका! वजन देऊ नका! भितीच्या कडेनं काढा!" चन्नबसप्पा हातांनी उकरत होता. सटवाजी आला, गल्लीतली माणसं आली, घमेल्यांची रांग लागली.

"अव्वा, लेकरू कुटं हाय?"

"रहमतबीजवळ हाय बाई! धड हाय! ऐक," आणि रहमतबीनं बाळाला ढिगाऱ्याजवळ आणून त्याच्या तळपायाला टिचकी मारली. बाळ टाहो फोडून रडलं.

"ऐकू आलं," आतून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "किती राहिलं, अव्वा?"

"थोडंच. थोडंच राहिलं गं माय."

वरची माती भिजून शिसं झाली होती. एकेका घमेल्याला दोन माणसं लागत होती. ती वीतभर निघाली आणि खाली जुनी पांढरी माती लागली, कोरडी ठणठणीत. तीन सालांत तिला पावसाचा थेंब लागला नव्हता. पिठासारखी भुरभुर करत ती खाली आत घसरायला लागली. एक घमेलं काढलं की दोन घमेली आत जायची. खाजामियाँ फळी लावून ती अडवायला बघत होता. फळीच्या दोन्ही बाजूंनी माती वाहत होती.

मोडून उरलेल्या माळवदाच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते. यंदाच्या मृगाचा. गेल्या सालाचा. त्याच्या आधीच्या सालाचा. शांतम्माला प्रत्येक थर ओळखू येत होता, कोणत्या दिवशी टाकला, कुणाला सोबत घेऊन बडवला. एरवी असतो तेवढाच असता, तर आतापर्यंत पोर बाहेर असती. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अव्वा, नाकात जाऊन राहिली गं..."

"तोंडावर पदर घे, बाई! पदर घे! आले मी, थोडंच राहिलं!"

मग खोकल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. शांतम्मा उकरत राहिली. नखं निघाली, बोटांतून रक्त यायला लागलं, तरी ती बोलतच होती, "थोडंच राहिलं, थोडंच राहिलं." कुणाला तिला थांबवायचा धीर होईना. शेवटी खाजामियाँचा हात आत एका पायाला लागला. त्यानं तो हात बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यानं शांतम्माची दोन्ही मनगटं धरली.

शिवकांताला बाहेर काढून सोप्यात टेकूखाली ठेवलं तेव्हा अजून उजेड होता. चन्नबसप्पानं तिच्या गळ्यातलं इष्टलिंग पुसून तिच्या हातात दिलं आणि तो तिच्या पायाशी बसला. रहमतबी बाळाला दुधाचं बोट चोखवत भिंतीला टेकून रडत होती. दाराबाहेर गर्दी पावसात उभी होती.

शांतम्मा खाजामियाँसमोर येऊन उभी राहिली. अंगभर पांढरा चिखल.

"खाजाभाई, तुमी सांगितलं हुतं."

खाजामियाँनं तिच्याकडे बघितलं, मग चन्नबसप्पाकडे, मग दारातल्या माणसांकडे. "न्हाई अक्का," तो म्हणाला, "मी काईच सांगितलं नव्हतं. वाऱ्यानं पाडलं घर."

"सांगितलं हुतं. माळवदावर येऊन सांगितलं हुतं. सटवाजी, तू हुतास. सांग. अवो, तुमी हुता. सांगा ना!"

सटवाजी जमिनीकडे बघत होता. चन्नबसप्पानं मान हलवली, "वाराच हुता, शांते."

"वारा तर पडला हुता!" ती किंचाळली. "शिव्या द्या मला. एकानं तरी द्या. माझ्या लेकीला मी मारलं, आन तुमी वारा म्हणता? थुका माझ्या तोंडावर!"

ती एकेकापुढे जाऊन उभी राहिली, नवऱ्यापुढे, रहमतबीपुढे, दारातल्या बायकांपुढे. कुणीच तिला शिवी दिली नाही.